तीनशे चोवीस, तीनशे सव्वीस, तीनशे सत्तावीस

कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानमालेत बोलावले म्हणजे तो बोनस, ग्रॅच्युइटी किंवा फार तर कंत्राटी पद्धतीवर बोलणार अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. यंदा आम्ही क्रिकेटचा विषय सुचविला तेव्हा चालकांच्या कपाळावर आठी उमटली. ती आम्ही पाहिली, आणि तिचा राग आला नाही. ज्याने कॉलेजची पायरी विद्यार्थी म्हणून कधी चढली नाही, त्याने कॉलेजच्या खेळाडूंवर बोलावे हे थोडे विचित्रच आहे. तथापि ह्या विषयाचे मूळ आमच्याच धंद्यात आहे, हे पुढे ध्यानात येईल.

झाले ते असे. तळोजे औद्योगिक वसाहतीतील एक द्वारसभा आटोपून आम्ही काही मंडळी पनवेलच्या स्टँडाजवळच्या हॉटेलात चहाला बसलो होतो. आमच्यात एक निवृत्त मास्तर होते आणि दोन तरुण कंत्राटी कामगार होते. बोलता बोलता वाद निघाला, तो जुनाच. गावस्कर मोठा की तेंडुलकर? मास्तर गावस्करांच्या बाजूचे, पोरे तेंडुलकरच्या बाजूची. वाद रंगात आला तेव्हा मास्तरांनी हुकमाचे पान टाकले. "अरे, जगातल्या धावा राहू द्या. विशीच्या आत कोणी काय केले ते बोला. कॉलेजात असताना सुनीलने तीनशे सत्तावीस केले होते!" पोरगा म्हणाला, "मास्तर, सचिनने शाळेतच तीनशे सव्वीस केले होते, आणि तो बाद झाला नव्हता." ह्यावर मास्तर गप्प झाले. आम्हीही गप्प राहिलो, कारण आमच्या डोक्यात तिसरा आकडा घोळू लागला होता : अजित वाडेकर, तीनशे चोवीस.

तीन माणसे, तीन पिढ्या, आणि आकड्यांतले अंतर अवघ्या तीन धावांचे! योगायोगच खरा. पण आकडे असे शेजारी शेजारी येऊन बसले म्हणजे माणसाला मोजण्याची बुद्धी होते, आणि मोजायला लागले की पहिल्याच पावलाला ठेच लागते.

विद्यापीठांमधील क्रिकेट सामन्यांना रोहिंटन बारिया ह्या नावाची ढाल मिळाली ती १९३५–३६ च्या हंगामापासून. बारिया नावाच्या मुंबईच्या एका पारशी गृहस्थांनी आपल्या मुलाच्या स्मरणार्थ ती दिली. मुलगा गेला, आणि त्याचे नाव पुढे हजारो परक्या मुलांच्या तोंडी राहिले. ह्या स्पर्धेत मुंबई विद्यापीठाचा दबदबा फार. वाडेकरांनी १९६० च्या आसपासच्या वर्षांत ३२४ धावा केल्या, तो स्पर्धेतला उच्चांक होता. १९७० च्या सुमारास सेंट झेवियर्स कॉलेजच्या सुनील गावस्करांनी ३२७ करून तो मोडला. आणि तेंडुलकरांचे ३२६? ते फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर, हॅरिस ढालीच्या आंतरशालेय सामन्यात झाले. शारदाश्रमच्या ह्या मुलाबरोबर विनोद कांबळी खेळत होता, त्याचे नाबाद ३४९, आणि दोघांची अभंग भागीदारी ६६४ धावांची. समोरचा संघ होता सेंट झेवियर्स हायस्कूलचा, म्हणजे गावस्करांच्याच शाळेचा.

आता आमच्या धंद्याकडे वळतो.

पगाराच्या करारावर बोलणी करताना मालकाचा माणूस हमखास एक वाक्य बोलतो : "तुमच्या बापाला आम्ही ऐंशी रुपये देत होतो, तुम्हाला किती देतो ते पाहा." ह्या वाक्याला उत्तर द्यायला आमच्या आधीच्या पिढ्यांनी शिकून ठेवले आहे. ऐंशी रुपयांत तेव्हा किती ज्वारी येत होती, किती रॉकेल, किती कापड, आणि आजच्या पगारात किती येते ते मांडावयाचे. मुंबईच्या गिरण्यांत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात महागाई भत्ता आला, तो ह्याच हिशेबाने. १९३३–३४ ची पातळी शंभर धरून राहणीमानाचा निर्देशांक काढत, आणि तो वर गेला की भत्ता वर जाई. रुपया तोच, पण त्याची किंमत दर वर्षी निराळी, ही गोष्ट गिरणीतल्या अडाणी बाईलाही पटलेली होती. मग धावेच्या बाबतीत आपण ती का विसरतो? १९६० ची एक धाव आणि १९८८ ची एक धाव ह्यांची नुसती बेरीज-वजाबाकी करणे म्हणजे मालकाच्या माणसासारखे बोलणे होय.

धावेची किंमत कशावर ठरते? पहिली गोष्ट खेळपट्टी. जुन्या काळी चटईवर खेळत, मग गवताच्या खेळपट्ट्या आल्या. त्या पुष्कळ काळ उघड्या असत, रात्री पाऊस पडला की सकाळी चेंडू नागासारखा फणा काढी. मुंबईची कांगा लीग १९४८ पासून चालू झाली, ती तर भर पावसाळ्यातच खेळावयाची. तेथे अर्धशतक काढणारा फलंदाज आणि कोरड्या, सपाट खेळपट्टीवर शतक काढणारा फलंदाज ह्यांत आम्ही पहिल्याला अधिक मजुरी देऊ. दुसरी गोष्ट समोरचा गोलंदाज, तिसरी वेळ. वेळेचे एकच उदाहरण पुरे आहे. १९४०–४१ च्या रणजी स्पर्धेत पुण्यात महाराष्ट्राने मुंबईविरुद्ध ६७५ धावा केल्या आणि मुंबईने उत्तरादाखल ६५०. सामना कितीही दिवस चालू देण्याची मुभा असली की धावांची अशी स्वस्ताई होते. पण त्याच सामन्यात प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर ह्यांनी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी २४६ धावा केल्या. त्यांना स्वस्त कसे म्हणावे? खेळपट्टी धावांना कितीही उदार असली तरी ती अठ्ठेचाळीस वर्षांच्या गुडघ्यांना उदार नसते.

देवधरांविषयी थोडे अधिक बोलल्यावाचून आम्हास राहवत नाही. पुण्याच्या सर परशुरामभाऊ कॉलेजात ते संस्कृत शिकवीत. १९२६ साली गिलिगनचा एम. सी. सी. संघ आला तेव्हा मुंबईच्या सामन्यात त्यांनी भारताकडून १४८ केल्या. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ साली झाला तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. कसोटी त्यांच्या वाट्याला आलीच नाही. आता कसोटीच्या धावा मोजून थोरवी ठरवणाऱ्याच्या वहीत देवधरांच्या नावापुढे शून्य पडते! ते पुढे १०१ वर्षे जगले, १९९३ साली गेले, आणि त्यांच्या हयातीतच त्यांच्या नावाची स्पर्धा सुरू झाली. वही चुकीची असली तर लोक ती अशी दुरुस्त करतात.

विजय मर्चंट हे दुसरे. सिडनहॅम कॉलेजचे विद्यार्थी, गिरणीमालकांच्या घरचे. आमच्यासारख्याने गिरणीमालकाची स्तुती करावी हे जरा जड जाते, पण आकडा आकडा आहे. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांची सरासरी ७१.६४. ब्रॅडमननंतर जगात हेच नाव घेतात. रणजी सामन्यांत तर ९८.७५. आणि कसोटी सामने किती? दहा. त्यांची उमेदीची वर्षे महायुद्धाने गिळली. मर्चंट कॉलेजात होते तेव्हा रोहिंटन बारिया ढालच नव्हती. म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंची यादी करावयास बसलो तर कदाचित सर्वांत मोठा फलंदाज तीत नावालाही सापडत नाही.

ज्यांची नावे सापडतात त्यांचे पुढे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. सोलापुरात जन्मलेले पॉली उम्रीगर १९४८–४९ साली विद्यापीठांच्या संयुक्त संघातून वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद ११५ करून एका दिवसात पुढे आले. माधव आपटे एल्फिन्स्टन कॉलेजात लेगस्पिन टाकत होते. तेथे शिकवावयास विनू मंकड येत, त्यांनी ह्या गोलंदाजाला सलामीचा फलंदाज केले. १९५३ साली वेस्ट इंडीजमध्ये आपट्यांनी पाच कसोटींत ४६० धावा केल्या, त्यांत पोर्ट ऑफ स्पेनचे नाबाद १६३. सरासरी एकूण ४९.२७. आणि त्यानंतर? त्यानंतर एकही कसोटी नाही. विशीतला मुलगा, एवढ्या धावा, आणि कोणतेही कारण न देता बाहेर. कामावरून कमी करताना निदान आरोपपत्र तरी देतात! आपटे उतारवयापर्यंत कांगा लीग खेळत राहिले, आणि त्यांच्या तोंडी कडवटपणा फारसा कोणी ऐकला नाही. तो त्यांचा मोठेपणा. आमच्याच्याने तो झाला नसता.

दिलीप सरदेसाई मडगावचे. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य आणि क्रिकेटचा दुष्काळ. १९५७ साली कुटुंब मुंबईस आले, मुलगा विल्सन कॉलेजात गेला, आणि १९५९–६० च्या रोहिंटन बारिया स्पर्धेत त्याने ८७ च्या सरासरीने ४३५ धावा केल्या. वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत ज्याला धड मैदान ठाऊक नव्हते त्याची ही दोन वर्षांची कमाई. पुढच्याच हंगामात पुण्याला विद्यापीठांच्या संघातून पाकिस्तानविरुद्ध खेळताना त्याने पुन्हा ८७ च केल्या. आम्हाला विचाराल तर कॉलेजच्या क्रिकेटने महाराष्ट्राला आणि गोव्याला दिलेले सर्वांत मोलाचे माणूस हे. कारण बाकीच्यांना मैदान जन्मतः मिळाले होते, सरदेसायांना ते कॉलेजने दिले.

वाडेकरांची गोष्ट तर अधिकच गमतीची. एल्फिन्स्टनला जाताना बसमध्ये त्यांना बाळू गुपते भेटत. हे सुभाष गुपत्यांचे धाकटे बंधू, स्वतः पुढे कसोटी खेळलेले. गुपते कॉलेजच्या संघात होते. त्यांना बारावा गडी हवा होता आणि बसमधला हा मुलगा रिकामा दिसला. मोबदला तीन रुपये! वाडेकर तीन रुपयांसाठी पाणी द्यावयास गेले आणि क्रिकेटमध्ये राहिले.

तीन रुपये म्हटले की आमच्यासमोर आणखी एक बाळू उभा राहतो, त्याच्या साठेक वर्षे आधीचा. पळवणकर बाळू, जन्म १८७६. पुण्यात पारशांच्या एका क्लबात मैदान झाडणे आणि खेळपट्टीवर रूळ फिरवणे हे त्याचे काम, पगार महिना तीन रुपये. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपये झाला. साहेब लोकांना सरावासाठी तो तासन् तास चेंडू टाकी, बॅट मात्र त्याच्या हाती कोणी दिली नाही. जातीने चांभार. हिंदूंच्या संघात घेतले तेव्हा चहा मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९११ साली भारताचा पहिला संघ इंग्लंडला गेला, त्या दौऱ्यात ह्या माणसाने ११४ बळी घेतले. कर्णधारपद त्याला मिळाले नाही. ते १९२३ साली त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाले, आणि तेही पुष्कळ रणे माजल्यानंतर.

आता सांगा, एकाचे तीन रुपये एका सामन्याचे आणि दुसऱ्याचे तीन रुपये अख्ख्या महिन्याच्या राबणुकीचे. निर्देशांक लावून हा हिशेब बसवता येईल. पण बाळूचे ११४ बळी आणि कॉलेजात शिकलेल्या गोलंदाजाचे बळी एका तागडीत घालावयाचे झाले तर कोणता निर्देशांक लावणार? चटईचा, पावसाचा, षटकांचा हिशेब लागतो. मंडपाबाहेरच्या चहाचा लागत नाही.

स्टँडाजवळच्या हॉटेलात आम्ही एवढे सगळे बोललो नाही, हे कबूल केले पाहिजे. तेथे फक्त एवढेच विचारले की कॉलेजातली धावसंख्या पुढचे काही सांगते का? वाडेकर ३२४, गावस्कर ३२७, फरक तीन धावांचा. कसोटीत वाडेकरांच्या ३७ सामन्यांत २,११३ धावा, गावस्करांच्या १२५ सामन्यांत १०,१२२. फरक आठ हजार नऊ धावांचा. मास्तर ह्यावर खूश झाले. पण आम्ही त्यांना फार वेळ खूश राहू दिले नाही. कारण ज्या १९७१ सालाने गावस्करांना गावस्कर केले, त्या सालचा कर्णधार वाडेकर होता.

ते साल मुळापासून पाहण्याजोगे आहे. निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट. कर्णधार कोण, पतौडी की वाडेकर, ह्यावर मते समसमान पडली आणि मर्चंटांनी आपले निर्णायक मत वाडेकरांना दिले. संघ वेस्ट इंडीजला गेला. पहिल्या सामन्यात किंग्स्टनला पाच गडी पंच्याहत्तरीतच कोसळल्यावर सरदेसायांनी २१२ केल्या आणि त्यांच्या जोडीला एकनाथ सोलकर उभा राहिला. पोर्ट ऑफ स्पेनला भारत वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्यानेच जिंकला. मालिकेत गावस्करांच्या चार सामन्यांत ७७४ धावा, सरदेसायांच्या ६४२. मर्चंटांनी सरदेसायांना भारतीय क्रिकेटच्या प्रबोधनाचा पुरुष म्हटले ते तेव्हापासून. ऑगस्टमध्ये ओव्हलवर इंग्लंडही हरले. सिडनहॅम, एल्फिन्स्टन, विल्सन आणि झेवियर्स अशी चार कॉलेजे त्या एका सालात एकत्र आली होती, आणि हे कॉलेजांचे सुवर्णयुग असे म्हणावयास हरकत नाही.

आणि सोलकर? त्याचे वडील हिंदू जिमखान्यावर मैदान राखणारे. जिमखान्याच्याच आवारातल्या झोपडीत हे कुटुंब राहात असे. १९६५–६६ साली लंडनच्या शाळकरी संघाविरुद्ध भारतीय शाळांचा कर्णधार तो होता आणि त्याच्या हाताखाली सुनील गावस्कर खेळत होते. फलंदाजाच्या नाकासमोर, हेल्मेटचा पत्ता नसलेल्या काळात उभे राहून त्याने २७ कसोटींत ५३ झेल घेतले. बाळू आणि सोलकर, दोघेही खेळपट्टीवर रूळ फिरवणाऱ्यांच्या जगातले. दोघांच्या मध्ये साठ-सत्तर वर्षे आहेत. चहा वेगळ्या भांड्यातून पिण्याचे दिवस तोवर मैदानावरून गेले होते, हा फरक कोणत्याही सरासरीपेक्षा मोठा आहे.

ह्या सगळ्यांना खेळता आले ह्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते सांगणे आमचे कर्तव्य आहे : नोकरी. वाडेकर स्टेट बँकेत, सरदेसाई ए. सी. सी. मध्ये, गावस्कर निरलॉनमध्ये. कचेऱ्यांच्या टाइम्स ढालीच्या सामन्यांसाठी मुंबईच्या कंपन्या खेळाडूंना कायम नोकरीवर घेत. पगारी रजा असे, घरी चूल पेटत असे, आणि तिशीत खेळ सुटला तरी म्हातारपणाची सोय असे. मुंबईने १९५८–५९ पासून १९७२–७३ पर्यंत ओळीने पंधरा वर्षे रणजी करंडक जिंकला, त्याच्या पाठीशी हे कायम नोकरीचे पत्र होते असे आमचे मत आहे. गिरण्यांनी कबड्डीपटूंनाही असेच पोसले. त्यांच्या चढाया कोणी वहीत लिहून ठेवल्या नाहीत, म्हणून त्यांची तुलना आता केवळ आठवणीवर चालते, आणि आठवणी सांगणारे तरी किती उरले? १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि तो गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखा उभा राहिला नाही.

तेंडुलकरांपासून चित्र बदलले. १५ नोव्हेंबर १९८९ रोजी सोळा वर्षांचा मुलगा कराचीला कसोटी खेळावयास उतरला. कॉलेजला त्याच्या उपयोगी पडण्याची संधीच मिळाली नाही. २००८ पासून लिलावाचे क्रिकेट आले तेव्हा तर अव्वल मुलगा कॉलेजच्या वयात विद्यापीठाकडून खेळेलच अशी खात्री उरली नाही. म्हणून "आजचा कॉलेजचा खेळाडू" आणि "तेव्हाचा कॉलेजचा खेळाडू" ही तुलना शब्दांची आहे. तेव्हा कॉलेज हा जिना होता, आज ज्याला वर जावयाचे तो दुसऱ्या वाटेने जातो.

आकड्यांच्या स्वस्ताईचे शेवटचे टोकही पाहून घ्यावे. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडे ह्या शाळकरी मुलाने आंतरशालेय सामन्यात नाबाद १,००९ धावा केल्या. रिक्षाचालकाचा मुलगा! आमच्या रिक्षावाल्यांच्या सभेत त्या दिवशी कोणाचे लक्ष अजेंड्यावर नव्हते. समोरचा संघ दोन डावांत ३१ आणि ५२ मध्ये गारद झाला होता, हे आम्ही त्या वेळी कोणाला सांगितले नाही. सांगावयास नको होते असेच अजूनही वाटते. पण त्या हजार धावांच्या ओझ्याखाली त्या मुलाला पुढे फार सोसावे लागले, आणि तेव्हा टाळ्या वाजविणाऱ्यांत आम्हीही होतो.

ह्याच्या उलट टोक १९४८ च्या डिसेंबरातले. पुण्यात काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद. प्रथम श्रेणीतला जागतिक उच्चांक ब्रॅडमनचा, ४५२. दहा धावा हव्या होत्या, दोन-तीन षटकांचे काम. विश्रांतीच्या वेळी समोरच्या संघाचे संस्थानिक कर्णधार पुढे खेळावयास तयार झाले नाहीत, आणि संघ सामना सोडून निघून गेला. आमच्या भाषेत ह्याला टाळेबंदी म्हणतात. निंबाळकरांना कसोटी सामना कधीच मिळाला नाही. ते २०१२ साली कोल्हापुरात वारले.

हॉटेलातला वाद त्या दिवशी मिटला नाही. उठताना त्या कंत्राटी पोराने मास्तरांना विचारले, "मास्तर, तुमच्या त्या वाडेकरना बँकेत पर्मनंट केव्हा केले होते?" मास्तरांना ते ठाऊक नव्हते. चहाचे पैसे आम्ही दिले.